मेदूवड्यांना घाबरून मिरर लेन्स विकू नका

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, फलकावर आजचा विषय ‘मिरर लेन्स आणि पाणपक्ष्यांची पार्श्वभूमी’ असा लिहिला आहे. पार्श्वभूमीकडे मी नक्की येणार आहे. पण आधी समोरची ही 500 मिमी f/8 मिरर लेन्स, म्हणजे आरशांनी प्रतिमा घडवणारी लांब पल्ल्याची लेन्स, हातात घ्या आणि बघून झाली की शेजारच्याकडे द्या. अर्ध्या मीटरची फोकल लेंग्थ आणि वस्तू मात्र चहाच्या डब्याएवढी. समोरून पाहिलंत तर काचेच्या मधोमध दहा रुपयांच्या नाण्याहून जराशी मोठी काळी टिकली दिसेल. तिच्या पाठीला दुसरा, छोटा आरसा आहे. टिकलीच्या भोवतालून उजेड आत येतो, तळाच्या मोठ्या आरशावर आपटून परत पुढे जातो, छोट्या आरशावरून मागे वळतो आणि मोठ्या आरशाच्या मधल्या भोकातून कॅमेऱ्यात शिरतो. नऊवारीची घडी घालावी तशी उजेडाच्या वाटेची तीन पदरी घडी झाली, म्हणून लेन्स आखूड.

या लेन्सची बदनामी एकाच गोष्टीवरून होते. फोकसबाहेरचे प्रकाशाचे ठिपके भरीव गोल न येता मधे भोक असलेली कडी होऊन येतात. बाहेर त्याला डोनट म्हणतात. आपण मेदूवडा म्हणू, आपल्याकडे तो जास्त खपतो. मला आज एवढंच पटवून द्यायचं आहे की मिरर लेन्सचे बहुतेक फोटो मेदूवड्यांमुळे बिघडत नाहीत. ते त्याआधीच बिघडलेले असतात आणि दोष मात्र मेदूवड्यांवर जातो.

ही रचना कुठून आली ते सांगतो, कारण लेन्स कशी वागते ते त्यातूनच कळतं. 1941 चा ऑगस्ट. जर्मन फौजा लेनिनग्राडच्या दिशेने सरकताहेत आणि तिथली सरकारी प्रकाशशास्त्र संस्था योश्कार-ओलाला हलवली जात आहे. त्या आगगाडीत द्मित्री मॅक्सुटोव्ह बसलेले आहेत आणि डोक्यात विचार आहे शाळेतल्या मुलांसाठी स्वस्त दुर्बिणीचा. आरशाची दुर्बीण स्वस्त पडते, पण नळी उघडी. मुलांच्या हातात आणि शाळेच्या धुळीत आरसा किती दिवस टिकणार? मग नळीच्या तोंडाला सपाट काचेचं झाकण लावावं. पण ती काच घासायला मेहनत लागणार आणि ती प्रतिमेसाठी काहीच काम करणार नाही. मग तिलाच बाक देऊन कामाला का लावू नये? योग्य वक्रतेची, वाटीसारखी काच बसवली की गोलीय आरशाचा दोष ती परस्पर खोडून काढते. सगळे पृष्ठभाग गोलाचेच तुकडे, म्हणजे घासायला सोपे. शिवाय छोटा आरसा त्या काचेच्याच पोटाला बसवता येतो, त्याला धरून ठेवायला वेगळ्या पट्ट्या लागत नाहीत. नेदरलँड्समध्ये बाउअर्स नावाचे प्रकाशशास्त्रज्ञ त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत पोचले होते. पण युद्धातून पळणाऱ्या गाडीत एक माणूस शाळकरी पोरांच्या दुर्बिणीला झाकण शोधत होता, हे मला फार मोठं वाटतं. पुढे याच रचनेवर एमटीओ 500 आणि एमटीओ 1000 या रशियन लेन्स निघाल्या आणि 1958 च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात त्यांना ग्रां प्री मिळालं. आज टेबलावर आहे ती हुबेहूब तीच रचना नाही. पण आरसा, काच आणि मधली टिकली हे कुटुंब एकच.

या कुटुंबाचा मोठा गुण म्हणजे आरसा रंग फोडत नाही. काचेच्या स्वस्त लांब लेन्सने काळ्या चिखलासमोरचा पांढरा बगळा टिपला की त्याच्या कडेला जांभळी-हिरवी किनार येते. इथे ती जवळजवळ नसते.

दुसरी बाजू टिकलीची. मधोमध आरसा असल्यावर उजेडाचं तोंड लहानमोठं करणारं डायफ्रॅम बसवायला सोयीची जागा उरत नाही, म्हणून f/8 म्हणजे कायम f/8. तेही कागदावर. f/8 म्हणजे फोकल लेंग्थ भागिले 8; 500 भागिले 8, म्हणजे 62.5 मिमीचं तोंड. त्यात 30 मिमीची टिकली धरली तर 23 टक्के क्षेत्रफळ गेलं. उरलेला उजेड दोन आरशांवरून परततो; प्रत्येकाने नव्वद टक्के परत केला तरी शेवटी बासष्ट टक्के हातात. म्हणजे उजेड f/10 चा आणि फोकसची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरातलं चित्र स्पष्ट येतं ती, मात्र f/8 चीच. कॅमेऱ्याचं मीटर हे आपोआप धरतं. पण हाताने एक्स्पोजर लावणाऱ्याने दोन-तृतीयांश स्टॉप जास्त द्यावा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 400 ला 1/1000 सेकंदाचा शटरवेग मिळतो. पहाटेच्या कोवळ्या उन्हात तोच वेग हवा असेल तर आयएसओ 1600 ते 3200 पर्यंत जावं लागतं.

आता माझी तक्रार, आणि ती मी प्रत्येक सभेत मांडतो. लेन्स उलटी करा. मागच्या तोंडाशी स्क्रूने बसवलेली छोटी काच दिसते का? टॅमरॉनच्या 500 ला ती 30.5 मिमीची असते, निकॉनच्या 500 f/8 ला 39 मिमीची. जुन्या बाजारात येणाऱ्या कितीतरी लेन्सना ती नसते. कुणीतरी साफ करायला काढली, डबीत ठेवली आणि डबी हरवली. विकणारा म्हणतो, ‘साधा फिल्टर होता, त्याने काय अडतं?’ अडतं! ती काच लेन्सच्या गणिताचा भाग आहे. एकवटत येणाऱ्या उजेडाच्या वाटेत सपाट काच आली की फोकस तिच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश मागे सरकतो. दोन मिमीची काच काढली तर प्रतिमा सेन्सरच्या सुमारे 0.7 मिमी अलीकडे पडते. f/8 ला टोकदार बिंदूचा 0.08 मिमीचा पसरट ठिपका होतो, आणि 35 मिमी फ्रेमला आपण 0.03 पर्यंत चालवून घेतो. फोकसची रिंग फिरवून बऱ्याचदा हे भरून निघतं, पण अंतराचे आकडे खोटे ठरतात आणि काही लेन्समध्ये दूरचा डोंगर कधीच टोकदार होत नाही. बिचारा नवा मालक म्हणतो, मिरर लेन्सच मऊ. उपाय सोपा आहे: त्या मापाची साधी पारदर्शक किंवा यूव्ही काच घ्या आणि कायम लावून ठेवा. उजेड कमी करायला एनडी (करडा) फिल्टर लावायचा असेल तर तो तिच्या जागी, तिच्यावर नाही.

हीच गत माउंटची, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या जोडाची. टी-माउंटचा (रिंग बदलून वेगवेगळ्या कॅमेऱ्यांना लावता येणाऱ्या जोडाचा) आटा 42 मिमीचा आणि जुन्या पेंटॅक्स पद्धतीचा एम42 सुद्धा 42 मिमीचाच. डोळ्यांना सारखे दिसतात. पण पहिल्याची आट्यांमधली फट 0.75 मिमी, दुसऱ्याची 1 मिमी. एकावर दुसरा फिरवला की जेमतेम एक फेरा जातो आणि अडतो. इथे जोर लावू नका. अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा सोलवटले की संपलं. शिवाय टी-माउंटचं फिल्मपासूनचं अंतर 55 मिमी, एम42 चं साडेपंचेचाळीस. एम42 ची लेन्स टी-माउंटच्या रिंगमध्ये कशीबशी बसवलीच, तर ती साडेनऊ मिमी पुढे राहते आणि 500 मिमीला साधारण पंचवीस मीटरपलीकडचं काही फोकसमध्ये येत नाही. निकॉनच्या जुन्या एफ माउंटवर एम42 लेन्स, जोडरिंगमध्ये जादा काच असल्याशिवाय, अनंतापर्यंत फोकस होत नाही, टी-माउंटची मात्र व्यवस्थित जाते. मिररलेस कॅमेऱ्यावर दोन्ही चालतात, रिंग योग्य घेतली तर.

जुनी लेन्स विकत घेताना एक चाचणी पाच मिनिटांत होते. रात्री दूरचा एकच दिवा धरा आणि फोकस थोडा बिघडवा. कडी दिसेल. तिचं भोक बरोबर मध्यात आहे का आणि कडीची जाडी चहूबाजूंनी सारखी आहे का ते पाहा. मग फोकसच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा पाहा. दिवा फ्रेमच्या मध्यावर असूनही भोक एका अंगाला कललेलं असेल तर आरसा जागचा हललाय, लेन्स कधीतरी पडली आहे. ती घेऊ नका. मोबाईलची बॅटरी तिरपी धरून आत डोकावलंत की धूळ दिसेल. धुळीची काळजी नको, जाळ्यासारख्या तंतूंची करा. मुंबई-कोकणच्या दमटपणात बुरशी आरशाच्या लेपालाच खाते आणि तो लेप पुसून परत येत नाही.

फोकस. दहा मीटरवरच्या खंड्याला 500 मिमी f/8 ने एपीएस-सी सेन्सरवर (35 मिमी फ्रेमहून लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरवर) मिळणारी खोली साधारण तेरा सेंटिमीटर, वीस मीटरवर पन्नास. एवढ्याशा जागेत फोकस पडायचा आहे आणि तोही हाताने. मिनोल्टाने 1989 मध्ये ऑटोफोकसवाली 500 f/8 काढली होती, ती पुढे सोनीनेही विकली. बाकी बहुतेक सगळ्या हाताच्याच. जुन्या फिल्म एसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये f/8 ला फोकस जुळवायचा स्प्लिट प्रिझम अर्धा काळा पडतो. मिररलेसवर प्रतिमा मोठी करून पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस करा. पीकिंगवर, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर, विसंबू नका, कारण या लेन्सचा कॉन्ट्रास्ट कमी आणि पीकिंगला कॉन्ट्रास्टच लागतो. कॅमेऱ्यात स्थिरीकरण (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) असेल तर मेनूत फोकल लेंग्थ 500 भरा. क्रॉप सेन्सर आहे म्हणून 750 भरू नका. ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्यायही चालू करावा लागतो.

आणि रिंगवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. ती रिंग अनंताच्याही पुढे जाते. हा बिघाड नाही, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. नळी तापली की आरशांमधलं अंतर केसभर बदलतं आणि तो बदल प्रतिमेपाशी अनेक पटींनी मोठा होऊन येतो. एसी गाडीतून थेट उन्हात आणलेली लेन्स अर्धा तास फोकस बदलत राहते आणि दमट हवेत पुढच्या काचेवर दव धरते. बॅगेतच, बंद चेनमध्ये ती बाहेरच्या हवेला येऊ द्या. आणि सूर्याकडे ही लेन्स कधीच रोखू नका. त्यासाठी संपूर्ण पुढच्या तोंडावर बसणारा सौर फिल्टरच हवा. मागचा छोटा फिल्टर एकवटलेल्या उष्णतेने तडकतो आणि पुढचा धोका डोळ्याला आहे.

दहा मिनिटं उरली अशी खूण झाली आहे, तेव्हा पार्श्वभूमी भरभर घेतो.

फोकसबाहेरचा प्रत्येक बिंदू लेन्सच्या तोंडाच्या आकाराचा होतो. तोंडाच्या मधोमध टिकली, म्हणून बिंदूच्या मधोमध भोक. ठिपक्याची कडी होते ती सहन होते. गवताच्या काडीची मात्र दोन समांतर काड्या होतात, आणि खरा शत्रू तो आहे. बोरू-लव्हाळ्याच्या पुढे बसलेला पक्षी या लेन्सने घेऊ नका. पार्श्वभूमी एकतर पक्ष्याला लगटून असावी, नाहीतर फार दूर, सावलीतली आणि चमक नसलेली. तीन-चार मीटर मागची झुडपं सर्वांत वाईट.

भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित (फ्लेमिंगो) बघायला आपण पहाटे होडीत बसतो. सूर्य पूर्वेला. होडी पक्ष्यांच्या पश्चिमेला थांबली तर पाण्यावरची प्रत्येक लकाकी मेदूवडा होणार. नावाड्याला आधीच सांगा, होडी पूर्वेकडे न्या, सूर्य आपल्या पाठीशी राहू दे. मग पाणी सपाट निळं येतं आणि कडी उमटायला काही उरत नाही. होडीच्या काठावर तांदूळ भरलेली पिशवी ठेवा, तीनचतुर्थांश भरलेली, म्हणजे लेन्स तिच्यात रुतून बसते. ऊन चढलं की पाण्यावर हवा थरथरते. त्यावर कुठल्याही किमतीच्या लेन्सचा इलाज नाही, कॅमेरा ठेवून पक्षी नुसते बघा. आणि घरी आल्यावर फोटो फिकट वाटला तर हिस्टोग्रामची (उजेड-अंधाराच्या आलेखाची) डावी कड रिकामी असते, तिथला काळा बिंदू आत ओढा. लेन्सच्या आत भटकलेला उजेड फोटोवर पांढरट पडदा टाकतो, तो यानेच बराचसा निघतो. मूळ हूड हरवलं असेल तर काळ्या कागदाची लांब नळी करून लावा.

शेवटचं. टॅमरॉनची 500 जवळात जवळ 1.7 मीटरवर फोकस होते आणि तिथे एकास तीन मोठेपणा देते. एपीएस-सी फ्रेममध्ये सात बाय पावणेपाच सेंटिमीटरचं दृश्य, म्हणजे चतुर पंखांसकट जवळजवळ फ्रेमभर येतो आणि दीड-पावणेदोन मीटरवरून तो उडतही नाही. तिथे खोली फक्त चार मिलिमीटर. म्हणून पंखांचं प्रतल सेन्सरला समांतर येईपर्यंत स्वतः सरका. मागे चार-पाच मीटरवर सावलीतली ओढ्याची दरड आली की ती एकसंध तपकिरी होते. पाण्यावरचं ऊन मागे आलं, तर गुडघाभर खाली बसा किंवा एक पाऊल डावीकडे घ्या.

प्रश्न चहाच्या वेळी घेऊ. फिरवायला दिलेली लेन्स परत करताना मागची छोटी काच जागेवर आहे ना, तेवढं बघून द्या.