बोलता येईल असा वेग : जुन्या मित्रांची अनेक दिवसांची सायकल सहल

मंडळी, बऱ्याच वर्षांनी एकत्र येणारे मित्र चार-पाच दिवस सायकलवर घालवायचं ठरवतात, तेव्हा पहिली चर्चा सहसा रोज किती किलोमीटर मारायचे यावरच होते. मला वाटतं, तो प्रश्न नंतरचा. आधी हे ठरवा की गटात ज्याचा सराव सगळ्यात कमी आहे, त्याला दिवसभर शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल असा वेग कोणता? पेडल मारता मारता माणूस सहज बोलतो तोवर श्रम आटोक्यात असतात. वाक्य मध्येच तुटायला लागलं, की तो आपल्या ताकदीबाहेर चाललाय असं समजावं. आणि गप्पांसाठी जमलेल्या गटाला तरी दुसरा कुठला वेग हवा असतो? मार्ग, अंतर, टायर, गिअर, सामान हे सगळं याच एका गोष्टीवरून ठरवता येतं.

मार्गापासून सुरुवात करू. निसर्ग पाहण्याआधी रुंदी आणि चढ पाहा. दोघांनी शेजारी-शेजारी जायचं आणि समोरून येणाऱ्यालाही वाट द्यायची, तर ३ मीटर रुंदी लागते. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर तयार केलेले ट्रेल यासाठी फार चांगले. पोलादी चाकाला पोलादी रुळावर पकड कमी मिळते, म्हणून रेल्वे बांधणाऱ्यांना चढ सौम्य ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याचा फायदा आज सायकलवाल्यांना मिळतो. न्यूझीलंडमधला १५२ किलोमीटरचा ओटागो सेंट्रल रेल ट्रेल किंवा अमेरिकेतला कंबरलंड ते पिट्सबर्ग असा सुमारे २४० किलोमीटरचा ग्रेट ॲलेघेनी पॅसेज ही याची उत्तम उदाहरणं. दुसरा तर अख्खी डोंगररांग ओलांडतो, तरी चढ कुठेही २ टक्क्यांच्या वर जात नाही.

पण सौम्य चढ फसवतोसुद्धा. कंबरलंडहून निघालात तर जवळजवळ ३८ किलोमीटर सलग चढ आहे. दीड टक्क्याचा चढ डोळ्यांना दिसत नाही. वेग मात्र ताशी १८ किलोमीटरवरून १२ वर येतो आणि माणसाला वाटतं, आपली तब्येत बिघडली किंवा ब्रेक घासतोय. पिट्सबर्गहून निघालात तर तीच उंची खूप लांबवर पसरून मिळते आणि शेवटी छान उतार लागतो. तेव्हा नकाशावर चढाची एकूण बेरीज पाहून थांबू नका. तो चढ कुठल्या दिवशी आणि किती अंतरात येतो, तेही पाहा.

पृष्ठभागाचंही तसंच. या ट्रेलवर दाबून बसवलेली चुनखडीची बारीक खडी आहे, तिच्यात पाणी मुरतं. कंबरलंडलाच त्याला जोडून चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठची २९७ किलोमीटरची वाट सुरू होते. पूर्वी खेचरं नावा ओढत त्याच वाटेने चालायची. तिचा बराच भाग मातीचा, म्हणून पावसानंतर चिखल. एकाच सहलीत दोन्ही करणारे पुष्कळ असतात, आणि पहिल्या भागाचा वेग धरून दुसऱ्याचे मुक्काम ठरवले की अंधार पडेपर्यंत सायकल हाकावी लागते. चिखलाच्या शक्यतेसाठी टायर आणि मडगार्ड यांत निदान ६ मिलिमीटर फट ठेवा, नाहीतर चाक जाम होतं. आणखी एक, या वाटेवर पॉ पॉ नावाचा ९५० मीटरचा बोगदा आहे. आत दिवे नाहीत, वाट अरुंद. अशा ठिकाणी गॉगल आधीच काढा, हेडलाइट लावा आणि उतरून चाला.

आता अंतर. मिश्र तयारीचा गट खडीच्या सपाट वाटेवर ताशी १५-१६ किलोमीटरने जातो. थांबे, फोटो, पंक्चर, जेवण धरलं की दिवसभराची सरासरी १० वर येते. म्हणजे ५५ किलोमीटरचा दिवस साडेपाच तासांचा. पाच दिवसांसाठी मी ३५, ५५, ४०, ५५, २५ अशी मांडणी सुचवेन. पहिल्या दिवशी सायकली जोडण्यात सकाळ जाते. दुसऱ्या दिवशी उत्साह आणि पाय दोन्ही ताजे असतात. तिसऱ्या दिवशी बैठक, तळहात आणि मान एकदम बोलायला लागतात. ज्याची तयारी कमी, तो मागे पडतो तो इथेच. तो दिवस मुद्दाम आखूड हवा. शिवाय रोजच्या वाटेवर निदान एक जागा अशी शोधून ठेवा, जिथून थकलेल्या माणसाला आणि त्याच्या सायकलला गाडीने मुक्कामावर नेता येईल. हे निघण्याआधी सगळ्यांना सांगितलेलं असलं की कोणी संकोचाने दुखणं लपवत नाही.

गट कसा चालवायचा, यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सहली इथेच बिघडतात. जोमातले लोक पुढे जातात, कुठेतरी दहा मिनिटं बसतात आणि शेवटचा पोचला रे पोचला की "चला" म्हणत उठतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती अजिबात मिळत नाही. दिवसात असे चार थांबे झाले की तो माणूस गप्प होतो. नियम साधा ठेवा. दर १०-१२ किलोमीटरला थांबायचं, आणि शेवटच्याचा पाय जमिनीला टेकला की तिथून पुढे दहा मिनिटं मोजायची.

सगळ्यात हळू चालणारा माणूस मागे नको, तो सगळ्यात पुढे असणाऱ्याच्या शेजारी हवा. मग वेग आपोआप त्याचा होतो आणि त्याला एकटं पडल्यासारखं वाटत नाही. सगळ्यात शेवटी राखणदार : दुरुस्ती येणारा, पंप आणि हत्यारं बाळगणारा, स्वभावाने शांत माणूस. त्याच्या मागे कोणीही राहायचं नाही. वळण आलं की पुढच्या जोडीच्या लगेच मागे असलेल्याने तिथे उभं राहून दिशा दाखवायची, राखणदार दिसेपर्यंत हलायचं नाही आणि मग त्याच्या पुढे गटात शिरायचं. पुढच्या वळणाला दुसऱ्याची पाळी. या पद्धतीत चुकामूक होत नाही, आणि क्रम सतत बदलत राहिल्याने प्रत्येकाला प्रत्येकाशी गप्पा मारायला मिळतात. गट आठ-दहा जणांपर्यंतच ठेवा. जास्त झाले तर दोन गट करा, दोघांना वेगळे राखणदार आणि वेगळी हत्यारं द्या.

ट्रेल जिथे रस्त्याला छेदतो, तिथे गाड्या शिरू नयेत म्हणून मधोमध खांब रोवलेला असतो. पुढच्याला तो दिसतो. त्याच्या पाठीमागे बोलत येणाऱ्याला पुढचा बाजूला झाल्यावरच दिसतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. तीसेक मीटर आधी मोठ्याने "खांब!" ओरडायचं आणि सगळ्यांनी एका ओळीत यायचं. रस्ता ओलांडताना मात्र पुढच्याने मागच्यांना "मोकळा आहे" असं सांगू नये. तो मोकळा असतो त्या क्षणापुरता, पाचव्या माणसासाठी नाही. प्रत्येकाने स्वतः थांबून पाहायचं. ओल्या लाकडी पुलावर ब्रेक लावायचा नाही आणि हँडल वळवायचं नाही, सरळ निघून जायचं.

सायकलींची यादी महिनाभर आधी करा. प्रत्येकाकडून टायरचं माप, व्हॉल्व्हचा प्रकार, मागे गिअर किती, ब्रेक पॅडचा आकार आणि डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) हँगरचा नमुना लिहून घ्या. हँगर म्हणजे मागचा डिरेलर ज्यावर बसतो तो ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. सायकल उजव्या कुशीवर पडली की तो वाकतो, डिरेलर आत झुकतो आणि सगळ्यात हलक्या गिअरवर जाताच स्पोकमध्ये अडकतो. या एका तुकड्यापायी सहल संपू शकते, आणि जवळपास प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असल्याने दुसऱ्याचा चालत नाही. म्हणून ज्याच्या सायकलला तो आहे, त्याने आपला जादा हँगर आणायचाच. क्विक लिंकचंही, म्हणजे चेन जोडायच्या सुट्या कडीचंही, तसंच : ११ गिअरची १२ ला लावू नये. आणि मोटारीसारख्या जाड व्हॉल्व्हची ट्यूब बारीक व्हॉल्व्हच्या रिमच्या भोकात जातच नाही, हे पंक्चर झाल्यावर कळून उपयोग नाही.

चेनची झीज पोलादी पट्टीने मोजता येते. नव्या चेनच्या एका पिनेपासून २४ कड्यांवरच्या पिनेपर्यंत ३०४.८ मिलिमीटर भरतात. तिथे ३०६.३ भरले तर अर्धा टक्का झीज झाली. ११-१२ गिअरची चेन आता बदला. पण निघायच्या आदल्या रात्री नको. मागच्या चक्रांचे दात झिजलेले असतील तर नवी चेन जोर दिल्यावर त्यांवरून उड्या मारते. बदलल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून पाहा. डिस्क ब्रेकच्या पॅडवरचा थर १ मिलिमीटरच्या आत आला असेल तर नवे बसवा आणि एक जोडी सोबत घ्या, कारण पावसात खडीची भुकटी पॅड पाहता पाहता खाऊन टाकते. सामान लादून चढ चढायचा असेल तर सगळ्यात हलक्या गिअरला पुढच्या चक्राचे दात मागच्यापेक्षा कमी हवेत, जसे पुढे ३० आणि मागे ३४. कॅरिअरचे स्क्रू खडीच्या हादऱ्याने सैल होतात. रोज सकाळी ॲलन की फिरवून पाहायला मिनिटही लागत नाही.

टायर ३८ ते ४५ मिलिमीटरचे घ्या. ७०-७५ किलोचा माणूस, थोडं सामान आणि ४० मिलिमीटरचं ट्यूबचं टायर असेल तर मागे ४०, पुढे ३५ पीएसआयपासून सुरुवात करा. ट्यूबलेस असेल तर ५ ने कमी, आणि सीलंट (भोक बुजवणारा द्रव) आत ओलं आहे ना हे निघण्याआधी उघडून पाहा, ते काही महिन्यांत वाळतं. टायर बसवताना त्यावरचं छापील नाव व्हॉल्व्हपाशी आणा. पंक्चर झालं की ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहायचं आणि टायरवर तेवढ्याच अंतरावर काटा शोधायचा, सगळं टायर चाचपत बसावं लागत नाही. एक भोक म्हणजे काटा किंवा काच. शेजारी-शेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी होती आणि दगडावर ट्यूब चेमटली. तिथे काटा शोधण्यात अर्थ नाही, हवा वाढवा. वाटेत फक्त ट्यूब बदला, पॅच मुक्कामावर निवांत लावा. घासून घ्या, पॅचपेक्षा थोड्या मोठ्या भागावर सोल्युशनचा पातळ थर द्या, मग ओली चकाकी जाईपर्यंत, म्हणजे पाचेक मिनिटं थांबा. बहुतेक पॅच सुटतात ते ही पाच मिनिटं न थांबल्यामुळे.

शरीराबद्दल थोडक्यात. टाच पेडलवर ठेवली की सर्वात खालच्या स्थितीत पाय सरळ व्हावा, ही सीटच्या उंचीची सुरुवात. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर सीटचं टोक खाली झुकलंय का ते पाहा, सगळा भार हातांवर येत असतो. नवी सीट किंवा नवे बूट सहलीत आणू नका. पॅडेड शॉर्टच्या आत दुसरं काही घालू नका, निदान तीन जोड ठेवा आणि मुक्कामावर पोचताच ओली शॉर्ट काढा. बसायच्या जागेचे फोड ओल आणि घर्षण यांतून येतात. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं आणि साधारण ५०० ते ७५० मिलिलिटर पाणी, उन्हात घाम पाहून जास्त, आणि त्यात मीठ. गटाचं वय वाढलेलं असतं. कोणाला कोणतं औषध चालू आहे, ॲलर्जी कशाची आणि घरी कोणाला फोन करायचा, हे राखणदाराच्या खिशात कागदावर असू द्या, फोनची बॅटरी संपते.

कोणी बॅटरीची सायकल घेणार असेल तर आनंदाने घेऊ द्या, त्यामुळेच काहींना येता येतं. फक्त त्याने पुढे राहू नये, नकळत सगळ्यांना ओढत नेतो. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि या सायकलींची त्याहून बरीच मोठी असते, म्हणून ती तिथेच भाड्याने घ्यावी लागते.

शेवटचा २५ किलोमीटरचा दिवस दुपारी बाराच्या आत संपवा. सायकल नीट धुऊन, वाळवून खोक्यात भरायला एकेकाला पाऊण तास लागतो आणि आठ जणांत पेडलचे पाने दोनच असतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं. घाईत उलट जोर लावून ते आणखी घट्ट केलेलं नेहमी दिसतं. हायड्रॉलिक डिस्कचं चाक काढलं की ब्रेकची मूठ दाबू नका, पॅडच्या मध्ये पुठ्ठा खोचा. नाहीतर पिस्टन बाहेर येतात आणि घरी गेल्यावर चाक आत बसत नाही. घरी जोडताना हँडलच्या वरचा मधला स्क्रू आधी, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवल्यावर खटका लागेनासा होईपर्यंत आवळा. बाजूचे स्क्रू त्यानंतर, सहसा ५ न्यूटन-मीटरपर्यंत, पण त्यांवर वेगळा आकडा छापलेला असेल तर तो पाळा.