पोस्टर काढण्याआधी तालमीला बसा

मित्रहो, शाळेच्या संगीतिकेचं पोस्टर करायला मला पहिल्यांदा बोलावलं, तेव्हा हातात एक कागद मिळाला. नाटकाचं नाव, तारीख, वेळ, जागा. एवढ्यावरून मी स्वरचिन्हं, मुखवटे आणि लाल मखमली पडदा काढून दिला. सगळ्यांना आवडलं. पण प्रयोग बघताना लक्षात आलं, की माझ्या चित्राचा या मुलांच्या गोष्टीशी काही संबंधच नव्हता. नाव बदलून ते दुसऱ्या कुठल्याही नाटकाला चाललं असतं. तेव्हापासून दोन तरी तालमी बघितल्याशिवाय मी पेन्सिल हातात घेत नाही.

तालमीत मी वही घेऊन मागे बसते आणि काय परत परत येतंय ते टिपते. संगीतिकेत गाण्याचं ध्रुवपद परत येतं, तशीच एखादी वस्तू किंवा हालचालही परत येत असते. एका नाटकात घर सोडून निघालेली मुलगी होती. मी रस्ता काढायचा विचार करत होते. कोरसमधला एक मुलगा म्हणाला, "ताई, ती दर गाण्यात बॅग खाली ठेवते आणि परत उचलते." खरंच तसं होतं. पोस्टरवर फक्त ती बॅग आली, जमिनीपासून वीतभर उचललेली. ते चित्र माझ्या डोक्यातून आलं नसतं.

चित्र एकच ठेवा, हा माझा हट्ट आहे. १९८१ साली लंडनमध्ये 'कॅट्स' ही संगीतिका रंगमंचावर आली. तिचं पोस्टर आठवा: काळी पार्श्वभूमी, दोन पिवळे डोळे आणि बुबुळांच्या जागी नाचणाऱ्या आकृत्या. कुणाचाही चेहरा नाही. त्याच्याही आधी, १८९१ मध्ये, चित्रकार तुलूझ-लोत्रेकनं पॅरिसच्या मुलँ रूज या नृत्यगृहासाठी पोस्टर केलं. मागच्या प्रेक्षकांची नुसती काळी सावली, पुढचा नर्तक करड्या रंगात, आणि मधे नाचणाऱ्या बाईचा पांढराशुभ्र घेर. तेव्हा शिळाछापात प्रत्येक रंगासाठी बहुधा वेगळा दगड लागायचा, म्हणून रंग मोजके. शाळेकडेही पैसे मोजकेच असतात. दोन रंग आणि कागदाचा स्वतःचा पांढरा, एवढ्यात उत्तम काम होतं.

मुख्य भूमिकेतल्या मुलाचा मोठा फोटो छापू नका, असं मी आग्रहानं सांगते. पोस्टर लागतं तेव्हा वेशभूषा तयार नसते, हे एक. मुलं आजारी पडतात, भूमिका बदलतात, हे दुसरं. पण खरं कारण वेगळं आहे. कोरसमधली चाळीस मुलं त्या पोस्टरसमोरून रोज जातात. ते त्यांचंही वाटलं पाहिजे. आणि समाजमाध्यमांवर तालमीचे फोटो टाकणार असाल, तर पालकांची लेखी संमती आधी.

आता अक्षरं. पाट्या करणाऱ्यांचा जुना अंदाज असा, की दर दहा फुटांच्या अंतराला एक इंच उंचीचं अक्षर हवं. ए३ कागद २९७ बाय ४२० मिलिमीटरचा. त्यावर नाव आणि तारीख एवढंच लांबून वाचता येणार, बाकीचं जवळ येणाऱ्यासाठी. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. म्हणून ओळींमध्ये जागा जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत अडकतो. फार जाड टाइपात 'ष' आणि 'क्ष' यांची पोटं बुजतात. जागा भरायची म्हणून अक्षरं आडवी ताणू नका, ती लगेच केविलवाणी दिसतात. क्यूआर कोड जितक्या अंतरावरून स्कॅन व्हायला हवा, त्याच्या साधारण एक दशांश रुंदीचा ठेवा. छपाईला देण्याआधी पोस्टरची साधी काळी-पांढरी झेरॉक्स काढा. तीत नाव पार्श्वभूमीत विरघळलं, तर रंगांची निवड चुकली.

दुसऱ्याची संगीतिका परवान्यानं करत असाल, तर करारपत्र चित्राआधी वाचा. लेखक-संगीतकारांची नावं किती मोठी हवीत, हे त्यात अनेकदा लिहिलेलं असतं. मूळ बोधचिन्हाची परवानगी बहुतेक वेळा वेगळी घ्यावी लागते.

पोस्टरवरचं तेच चित्र रंगमंचावर न्यायचं असेल, तर प्रोजेक्टरचा स्वभाव ओळखा. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. काळा म्हणजे प्रकाश नसलेला पडदा, आणि त्यावर रंगमंचाचे दिवे सांडले की तो करडा होतो. उलट मागे पांढरंफेक चित्र टाकलं, तर पुढे गाणाऱ्या मुलीचा चेहरा अंधारात जातो. म्हणून मध्यम, गडद छटा वापरा, आणि चित्र डोक्यांच्या वर ठेवा. हलती दृश्यं तर अगदी जपून वापरा. मागे ढग पळू लागले की डोळे ढगांकडे जातात आणि मूल एकटं गात राहतं. प्रत्यक्ष वाद्यवृंद असेल, तर चित्र सेकंदांवर बदलू नका, गाण्याच्या शब्दावर बदला. प्रयोगाच्या रात्री मुलं गाणं हमखास जलद घेतात.

शेवटी पुस्तिका, म्हणजे सहभागी मुलांची नावं असलेली, प्रेक्षकांना देतात ती. मधे पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते, तिचं गणित आधीच करा. पण मला खरं बोलायचंय ते नावांबद्दल. एकदा माझ्या हातून एका मुलीचं नाव राहिलं. ती पडद्यामागे वेशभूषा बघायची, तीन महिने रोज यायची. प्रयोग संपल्यावर तिच्या आजी पुस्तिका घेऊन माझ्याकडे आल्या आणि पानावर बोट फिरवत विचारलं, "आमची कुठल्या ओळीत आहे?" मला उत्तर देता आलं नाही. आता छपाईच्या आदल्या दिवशी मी प्रूफ तालमीच्या खोलीत भिंतीवर चिकटवते. प्रत्येक मूल येतं, आपलं नाव वाचतं, शुद्धलेखन तपासतं आणि शेजारी सही करतं. दिवे सांभाळणारे, पडदा ओढणारे, सगळे. जोवर एकही सही बाकी असते, तोवर फाइल प्रेसला जात नाही.