पद्मिनी चालू होत नाही तेव्हा

नमस्कार. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांकडे प्रीमियर पद्मिनी आहे आणि काहींकडे तिच्या आधीची फियाट ११०० डिलाइट. खरं तर ही एकच गाडी. १९६४ मध्ये डिलाइट आली, दहा वर्षांनी तिला पद्मिनी हे नाव मिळालं आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून ती जवळजवळ शतक संपेपर्यंत निघत राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची वयोमर्यादा संपली. टॅक्सी गेल्या, तसे या इंजिनाला रोज हात लावणारे मिस्त्रीही कमी झाले. म्हणून गाडी अडली की कुठून सुरुवात करायची, हे आता मालकाला कळायला हवं. आजचा विषय तेवढाच आहे.

गाडी चालू होत नाही म्हटलं की आपण ठिणगीचे सगळे भाग, म्हणजे प्लग, करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट, त्यांना जळू न देणारा कंडेन्सर, ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी कॉइल असं सगळं एकदम बदलून टाकतो. कधीकधी गाडी चालूही होते, पण दोष कशात होता ते कुणालाच कळत नाही. वर चांगला जुना कंडेन्सर कचऱ्यात जातो. आज मिळणारे काही नवे कंडेन्सर थोडे तापले की दगा देतात, त्यामुळे चालणारा जुना कंडेन्सर फेकणं मला फार वाईट वाटतं. आधी मोजा, मग बदला. त्यासाठी एक साधा मल्टिमीटर आणि दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा बल्ब पुरतो.

पहिला प्रश्न असा, की सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) मारल्यावर इंजिन नीट फिरतं का? फिरतच नसेल किंवा रडत रडत फिरत असेल, तर पेट्रोलकडे बघूच नका. विसावलेल्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२ च्या जवळ असतील तर ती बहुतेक रिकामी आहे. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही मीटर धरा. व्होल्ट दहाच्या बरेच खाली गेले तर बॅटरी संपलीय किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय.

बॅटरी चांगली आहे आणि तरी सेल्फ ओढत नाही, अशा वेळी लोक सेल्फ उतरवून रिवाइंडिंगला नेतात. थांबा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे करंट परत बॅटरीकडे यायचा तर इंजिन आणि बॉडी यांच्यामधल्या अर्थिंगच्या पट्टीतूनच. चाळीस वर्षांच्या गाडीत ती पट्टी गंजलेली, तुटत आलेली, नाहीतर रंगावरच आवळलेली असते. मग करंट दुसरी वाट शोधतो आणि चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली, तर दोष अर्थिंगचाच समजा. मोजायचं असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर पट्टी बदला, बॉडीवरचा रंग खरवडून नट आवळा. पन्नास-शंभर रुपयांच्या या पट्टीपायी चांगले सेल्फ उघडले जातात.

आता इंजिन नीट फिरतंय, पण पेट घेत नाही. इथे आधी ठिणगी पाहायची. एक प्लग काढा, वायरीला लावा, त्याची बाहेरची कड इंजिनाला टेकवा आणि सेल्फ मारा. एक काळजी घ्या. पेट्रोल सांडलेलं असेल किंवा वास येत असेल तर ही तपासणी करू नका, आणि आग विझवायचा सिलिंडर जवळ असू द्या. ठिणगी निळसर आणि टक्-टक् आवाज करणारी हवी. पिवळी, बारीक ठिणगी मोकळ्या हवेत दिसते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली ती विझते.

ठिणगी नसेल तर बल्ब घ्या. त्याची एक वायर कॉइलच्या डेल्कोकडे (चारही प्लगना ठिणगी वाटणारा डबा, पॉइंट त्यातच असतात) जाणाऱ्या टोकाला, दुसरी बॉडीला. सेल्फ मारल्यावर बल्ब लुकलुकायला हवा, म्हणजे पॉइंट उघडताहेत आणि मिटताहेत. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा मिटूनही त्यांवर काजळी असल्याने करंट जात नाही. पेटलाच नाही, तर कॉइलपर्यंत करंट येत नाही, पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर शॉर्ट झालाय. एका बल्बात एवढं कळतं, म्हणून ही तपासणी मला सगळ्यांत आवडते. बल्ब नीट लुकलुकतो आणि तरी ठिणगी नाही, तर दोष त्यापुढे आहे: कॉइल, रोटर (डेल्कोत फिरणारा तुकडा), डेल्कोची टोपी किंवा वायरी. पावसाळ्यात टोपी काढून आतून पुसा आणि उजेडात तिरकी धरून बघा. केसासारखी काळी रेघ दिसली तर करंट त्या रेघेवरून पळतोय. पुसून ती रेघ जात नाही, टोपी बदलावीच लागते.

पॉइंटचं आणखी एक दुखणं हळूहळू येतं. डेल्कोतल्या फिरत्या कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजतो, पॉइंटमधला गॅप कमी होतो आणि त्याबरोबर टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) मागे जातं. गाडी रोज थोडी जास्त सेल्फ मागते आणि मालक बॅटरीला दोष देतो. गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असतो, पण तुमच्या डेल्कोचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. गॅप बदललात की टायमिंग पुन्हा तपासायलाच हवं.

काही गाड्या चावी सोडता सोडता पेट घेतात. हे लक्षण फार बोलकं आहे. सेल्फ चालू असताना बॅटरीचे व्होल्ट पडतात, कॉइलला पुरेसं मिळत नाही. चावी सोडली की व्होल्ट वर येतात आणि तेवढ्यात ठिणगी पडते. तेव्हा बॅटरी, जोडण्या आणि चावीचा स्विच तपासा.

ठिणगी चांगली आहे, मग पेट्रोल. गाडी दोन-तीन आठवडे उभी असेल तर कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं आणि पंप इंजिनावर चालणारा असल्यामुळे वाटी भरेपर्यंत इंजिन बराच वेळ फिरवावं लागतं. तो दोष नव्हे. मात्र मिनिटभर थांबत थांबत फिरवूनही पेट्रोल येत नसेल तर पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) बघा. तो फाटला की पेट्रोल खाली ऑइलमध्येही उतरतं, म्हणून डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर गाडी अजिबात चालवू नका; पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं.

आता पेट्रोल पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या साठ्यातले रबरी डायफ्रॅम आणि पाइप त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, कडक होतात, तडकतात. इथेनॉल हवेतलं पाणीही धरून ठेवतं. वर्षातून चार वेळा बाहेर काढायच्या गाडीची टाकी महिनोन्‌महिने तशीच ठेवणं, हे आजच्या काळात न चालू होण्याचं एक मोठं कारण आहे. पाइप इथेनॉलला टिकणारे घाला, आणि पेट्रोल जुनं होऊ देऊ नका.

गरम गाडीचं दुखणं वेगळं. मे महिन्यात घाट चढून चहाला थांबलात आणि दहा मिनिटांनी गाडी घेत नाही. बंद इंजिनाच्या उष्णतेने वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि इंजिनात ओव्हरफ्लो होतं. अशा वेळी चोक ओढू नका, पेडल पुन्हा पुन्हा मारू नका. पेडल पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, आत हवा जाऊ द्या. तरी घेत नसेल तर लगेच ठिणगी बघा, कारण काही कॉइल आणि कंडेन्सर फक्त गरम असतानाच बंद पडतात. गार झाल्यावर गॅरेजमध्ये नेलीत तर तिथे दोष सापडणारच नाही.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, टायमिंग बरोबर आहे, तरी नाही, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा फार कमी आला की लोक लगेच इंजिन उघडायची भाषा करतात. त्याआधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधला गॅप) बघा. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजली की टॅपेटचा गॅप भरत जातो आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. त्याचा आवाजही येत नाही. उलट इंजिन शांत झाल्यासारखं वाटतं आणि मालक खूश होतो. मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे गॅप लावा आणि कॉम्प्रेशन पुन्हा मोजा. तेव्हाही आकडा वर आला नाही, तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून मोजा. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हे कळल्यावरच हेडच्या नटला पाना लावा.