प्रिंटर बंद-चालू केला की चालतो, तासाभराने पुन्हा ऑफलाइन? आधी हे तपासा

नमस्कार मंडळी.

"अरे, प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय!" ऑफिसात ही हाक आली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. कुणीतरी उठतं, प्रिंटर बंद करतं, दहापर्यंत मोजतं, परत चालू करतं. कागद बाहेर येतो, सगळे खूश. तासाभराने पुन्हा तीच हाक.

बंद-चालू केल्यावर थोडा वेळ चालणारा आणि मग गायब होणारा प्रिंटर दिसला की माझा पहिला संशय आयपी कॉन्फ्लिक्टवर जातो. म्हणजे एकच आयपी अ‍ॅड्रेस, नेटवर्कवरचा पत्ता, दोन यंत्रांनी धरून ठेवलाय.

एका ऑफिसात मी असंच बघायला गेलो होतो. तिथल्या मंडळींनी स्वतःच एक शोध लावला होता. अकाउंट्सच्या एक ताई रजेवर असल्या की प्रिंटर ठणठणीत, त्या आल्या की बिघडतो. बिचारीच्या पायगुणाची रोज चेष्टा. आणि गंमत सांगू का? निरीक्षण अगदी बरोबर होतं.

प्रिंटरला कुणीतरी कधीकाळी हाताने पत्ता टाकून ठेवला होता, १९२.१६८.१.१०५. राउटर आपोआप जे पत्ते वाटायचा, त्यांचा शेवटचा आकडा होता १०० ते २०० मधला. आता १०५ वर प्रिंटर बसलाय याची राउटरकडे नोंदच नाही. ताई सगळ्यांच्या आधी यायच्या. रात्रभर प्रिंटर बंद. त्यांनी लॅपटॉप उघडला, राउटरकडे पत्ता मागितला, राउटरने १०५ दिला. लॅपटॉपने घेण्याआधी विचारलंसुद्धा, "१०५ वर कोणी आहे का?" प्रिंटर बंद, उत्तर कोण देणार? अर्ध्या तासाने कुणीतरी प्रिंटर चालू केला. तोही म्हणतो, मी १०५. लॅपटॉपच्या कोपऱ्यात कॉन्फ्लिक्टची सूचना यायची, ताई ती रोज इमानेइतबारे बंद करायच्या.

(स्क्रीनवर: दोन यंत्रं, एकच पत्ता)

मग बंद-चालू केल्यावर चालतो कसा? तुमचा कॉम्प्युटर फाइल पाठवतो तेव्हा त्याला नुसता १०५ पुरत नाही, त्या यंत्राचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा नंबर, लागतो. म्हणून तो नेटवर्कभर ओरडून विचारतो, "१०५ कोण?" जे उत्तर येईल ते आपल्या टेबलात लिहून घेतो. या प्रकाराला एआरपी म्हणतात. नियम १९८२ सालचा आहे, आणि उत्तर देणारा खरा की तोतया हे तपासायची सोय त्यात नाही. प्रिंटर चालू होताना सहसा स्वतःहून जाहीर करतो, "१०५ मी!" सगळ्यांच्या टेबलात प्रिंटरची नोंद होते, कागद निघतात. थोड्या वेळाने लॅपटॉप काहीतरी बोलतो, नोंद पालटते, आणि तुमची फाइल जाते लॅपटॉपच्या दारात. प्रिंटर बहुतेक वेळा ९१०० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे खिडकीवर म्हणा, ऐकत असतो. लॅपटॉपच्या ९१०० वर कोणी बसलेलंच नाही. तुमच्या स्क्रीनवर काय येतं? ऑफलाइन.

आता पकडायचं कसं.

आधी प्रिंटरच्याच पॅनेलवरून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा. त्याला नेटवर्क लागत नाही, प्रिंटर स्वतःच्या पोटातून छापतो. त्या पानावर तीन गोष्टींवर पेनाने गोल करा: आयपी अ‍ॅड्रेस, मॅक अ‍ॅड्रेस, आणि पत्ता मॅन्युअल (हाताने टाकलेला) आहे की डीएचसीपीने (राउटरकडून आपोआप) आलाय. वाय-फाय आणि केबल यांचे मॅक वेगवेगळे असतात, तेव्हा जे वापरताय त्याचाच घ्या. इथे माझी स्वतःची एकदा फजिती झालीय.

या पानावरचा पत्ता आणि कॉम्प्युटरच्या प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्सखाली लिहिलेला पत्ता वेगळा निघाला तर बहुधा भांडण नाहीच, प्रिंटरचा पत्ता बदललाय एवढंच. आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर प्रिंटरला राउटरकडून काही मिळालेलंच नाही, केबल बघा.

पत्ते जुळले? मग प्रिंटरची नेटवर्क केबल काढा. वाय-फायवर असेल तर प्रिंटरच बंद करा. आता कुठल्याही कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून प्रिंटरच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे "पिंग" आणि पुढे तो पत्ता टाइप करून "आहेस का?" असं विचारा.

(स्क्रीनवर: पिंगचं उत्तर, झूम करून)

इथे थांबा, कारण विंडोज इथे फसवतं. समोर चार ओळी येतात, चारही ओळी "रिप्लाय फ्रॉम" ने सुरू होतात, खाली लॉस शून्य टक्के. माणूस उड्या मारतो, सापडला चोर! पण ओळ पूर्ण वाचा. पुढे "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" असेल तर तो रिप्लाय तुमच्याच कॉम्प्युटरचा आहे, पत्ताही तुमचाच दिसेल. त्याचा अर्थ, तिकडे कोणी नाही. खरं उत्तर असेल तर प्रिंटरचा पत्ता आणि पुढे मिलिसेकंदांचा आकडा दिसतो. प्रिंटरची केबल तुमच्या हातात आणि प्रिंटरच्या पत्त्यावरून उत्तर येतंय, म्हणजे तिथे दुसरा कोणीतरी बसलाय.

"रिक्वेस्ट टाइम्ड आउट" आलं तरी लगेच सोडू नका. फायरवॉल, म्हणजे यंत्रातला पहारेकरी, पिंगला गप्प बसवते, एआरपीला सहसा नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, "एआरपी डॅश डी स्टार" ने जुनी टेबलं पुसा, पुन्हा पिंग करा आणि लगेच "एआरपी डॅश ए" मारा. पुसायचं विसरलात तर प्रिंटरचीच शिळी नोंद दिसेल. यादीत १०५ समोर मॅक आला आणि तो पानावरच्या मॅकशी जुळत नाही, तर तोच आपला पाहुणा.

त्याचं नाव राउटरच्या क्लायंट लिस्टमध्ये मॅकवरून शोधा. मॅकच्या पहिल्या तीन जोड्या कंपनी सांगतात, त्यावरून कॅमेरा आहे की लॅपटॉप याचा अंदाज येतो. मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट मॅक, बहुतेक कुणाच्या तरी मोबाइलचा. मोबाइल हल्ली खरा मॅक लपवतात. लिस्टमध्ये नावच नसेल तर तिथेही कुणीतरी हाताने पत्ता टाकलाय. हजेरीचं मशीन, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, असली मंडळी आधी बघा.

आता दुरुस्ती. इथे बहुतेक जण प्रिंटरचा पत्ता बदलतात. मी नाही बदलत. प्रिंटरचा पत्ता पंधरा कॉम्प्युटरांच्या पोर्टमध्ये लिहिलेला असतो. लॅपटॉपचा पत्ता सहसा कुठेच लिहिलेला नसतो. मग हलवायचं कुणाला? प्रिंटर हलवलात तर पंधरा टेबलांवर जाऊन पोर्ट बदलत बसा. पाहुणा हलवलात तर कुणाला कळतही नाही. एकच अपवाद: लॅपटॉपवर स्कॅन टू फोल्डर लावलेलं असेल, तर त्याचा पत्ता प्रिंटरच्या अ‍ॅड्रेस बुकात असू शकतो. तेवढं विचारून घ्या.

म्हणून राउटरमध्ये जा, डीएचसीपीच्या पानावर अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन शोधा. काही राउटर त्याला आयपी-मॅक बाइंडिंग म्हणतात. प्रिंटरचा मॅक आणि त्याचा सध्याचा १०५, ही जोडी लिहून टाका. मग लॅपटॉपवर "आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज", नंतर "स्लॅश रिन्यू". राउटर आता त्याला १०५ देणार नाही, दुसरा काहीतरी देईल. त्यानंतर प्रिंटरवर पत्ता मॅन्युअलऐवजी डीएचसीपीवर करा.

राउटरचा पासवर्डच कुणाकडे नाही? हे अगदी नेहमीचं. मग नाइलाजाने प्रिंटरला राउटरच्या वाटपाबाहेरचा पत्ता हाताने द्या, आपल्या उदाहरणात समजा १९२.१६८.१.२०. आधी तो रिकामा आहे का, हे वरच्याच पद्धतीने बघा. सबनेट मास्क आणि गेटवे जुने होते तेच ठेवा. आणि मग पंधरा टेबलं आलीच: प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, अ‍ॅड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट. नवीन प्रिंटर म्हणून टाकू नका, नाहीतर "कॉपी १" नावाचं भूत तयार होतं आणि अर्धं ऑफिस जुन्यावर छापत बसतं.

एक आडवळणाचा प्रकार राहिला. वाय-फाय पोहोचत नाही म्हणून कुणीतरी घरचा जुना राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला लावतं. आता पत्ते वाटणारे दोघे, आणि एकाला दुसऱ्याच्या नोंदी माहीत नाहीत. दोन-चार कॉम्प्युटरांवर "आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल" मारा आणि डीएचसीपी सर्व्हरची ओळ ताडून पाहा. वेगवेगळे पत्ते दिसले तर टेबलाखाली वाका.

आणि दुरुस्ती झाली की लगेच एक पान छापून निघून जाऊ नका. ते तर बंद-चालू केल्यावरही निघत होतं. संध्याकाळी प्रिंटर बंद करून घरी जा. सकाळी आधी ताईंना लॅपटॉप उघडू द्या, थोडा वेळ काम करू द्या, मग प्रिंटर चालू करा आणि त्यांनाच पहिली प्रिंट द्यायला सांगा.