फाटक एकच

शिकागोमधलं एक न्हाव्याचं दुकान. गिऱ्हाइकांची नखं नीट करत बसलेली बेसी कोलमन. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आलेला भाऊ तिला चिडवतो, तिकडच्या बायका विमानं उडवतात, तुला काय जमणार! त्याने चेष्टा केली, हिने ती मनावर घेतली.

अमेरिकेत तिला शिकवायला कुणी तयार होईना. एक तर बाई, त्यात कृष्णवर्णीय. मग तिने फ्रेंचची शिकवणी लावली, पैसे जमवले आणि थेट फ्रान्स गाठलं. १५ जून १९२१ ला परवाना हातात पडला.

मायदेशी ती हवाई कसरती दाखवू लागली. टेक्सासमधलं वॉक्साहाची हे तिच्या लहानपणाचं गाव. इथेच तिने कापूस वेचला होता. इथल्या खेळाला आयोजकांना दोन फाटकं हवी होती, गोऱ्यांचं वेगळं, काळ्यांचं वेगळं. बेसी अडून बसली. फाटक एकच, नाहीतर विमान उडणार नाही! फाटक एकच झालं. आत बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. तिचं कौतुक सांगताना हे सहसा गाळलं जातं.

३० एप्रिल १९२६, जॅक्सनविल. दुसऱ्या दिवशीच्या छत्रीउडीसाठी जागा हेरायची होती. विमान मेकॅनिक चालवत होता. वाकून खाली पाहता यावं म्हणून बेसीने पट्टा बांधला नव्हता. विमानाने अचानक सूर मारला, उलटलं, ती बाहेर फेकली गेली. यंत्रणेत एक पाना अडकलेला सापडला. ती ३४ वर्षांची होती.

पुढची फाटकं कागदावरची. 'नासा'ला अंतराळवीर म्हणून जेट विमानांचे चाचणी वैमानिकच हवे होते. 'बायका नकोत' असं कुठे लिहिलेलं नव्हतं. फक्त लष्कराच्या त्या प्रशिक्षणात बायकांना प्रवेशच नव्हता! तिकडे सोव्हिएत संघात कापड गिरणीत काम केलेली व्हॅलेंतिना तेरेश्कोवा १९६३ मध्ये पृथ्वीला ४८ प्रदक्षिणा घालून आलीसुद्धा.

त्याच सुमारास अमेरिकेत १३ महिला वैमानिकांनी अंतराळवीरांच्याच वैद्यकीय चाचण्या पार केल्या होत्या. त्यांतली वॉली फंक काळोख्या खोलीत, कोमट पाण्याच्या टाकीत, १० तासांहून जास्त वेळ नुसती तरंगत राहिली. ना आवाज, ना उजेड. मग या चाचण्यांचा कार्यक्रमच गुंडाळला गेला. ती विमान चालवायला शिकवत राहिली.

२० जुलै २०२१. खासगी कंपनीचं यान, वॉलीचं वय ८२, सफर जेमतेम १० मिनिटांची. खाली उतरल्यावर ती म्हणाली, पुन्हा जायचंय. आणि लवकर.