चॉकलेट खाऊ का?

नमस्कार श्रोतेहो.

मधुमेही माणूस आमच्यासारख्या आहारतज्ज्ञांकडे येतो, तेव्हा एक प्रश्न हमखास सगळ्यात शेवटी येतो. जेवणाच्या वेळा, चालणं, गोळ्या, तपासण्या, सगळं बोलून झालेलं असतं. फाइल काखेत जाते, माणूस दारापर्यंत पोचतो आणि मग आवाज जरा खाली आणून विचारतो, "चॉकलेट मात्र अगदीच बंद ना?" साठीचे गृहस्थ विचारतात, तशी पंचविशीची मुलगीही विचारते. चेहरा दोघांचाही सारखाच ओशाळलेला.

खाता येतं. तेही चोरून नाही, चारचौघांत बसून. कोणतं, किती आणि कधी, एवढं मात्र समजून घ्यायला हवं. माझं मत आधीच सांगून टाकते: 'शुगर फ्री' छापलेल्या अख्ख्या वडीपेक्षा खऱ्या, कडसर चॉकलेटचा एक छोटा तुकडा बहुतेकांना जास्त मानवतो. आणि खाल्ल्यासारखंही वाटतं.

वेष्टनावर ७० टक्के, ८५ टक्के असे आकडे असतात. कोकोच्या बियांपासून आलेला भाग, म्हणजे कोकोचा गर आणि त्यातलं लोणी मिळून, किती आहे ते हा आकडा सांगतो. उरलेली बहुतेक साखर. म्हणून ७० टक्क्यांच्या चॉकलेटमध्ये १०० ग्रॅममागे साधारण ३० ग्रॅम साखर असते, ८५ टक्केवाल्यात १५ च्या आसपास. मिल्क चॉकलेटमध्ये निम्मी साखरच. पांढऱ्या चॉकलेटचं तर विचारूच नका. त्यात कोकोचं लोणी असतं, पण गर नसतोच. आता ७० टक्केवाल्याचा १० ग्रॅमचा चौकोन घेतलात तर पोटात जाते ३ ग्रॅम साखर, चहाचा पाऊण चमचा. एवढ्याने आकाश कोसळत नाही.

शिवाय चॉकलेटमध्ये भरपूर स्निग्धांश असतो. त्यामुळे ते जठरातून सावकाश पुढे सरकतं आणि रक्तातली साखर सरबत प्यायल्यावर उसळते तशी उसळत नाही. पण हाच स्निग्धांश उष्मांकांच्या बाबतीत महागात पडतो. १०० ग्रॅम कडू चॉकलेट म्हणजे जवळजवळ ६०० कॅलरी, एका चांगल्या जेवणाइतक्या. म्हणून मी तुकडा म्हणते तेव्हा तुकडाच म्हणते. तो मोडून बशीत घ्यावा आणि उरलेली वडी कपाटात ठेवून यावं. मांडीवर वडी आणि डोळे टीव्हीवर, अशा वेळी कोणाचाच हिशेब राहत नाही. माझाही नाही.

तो तुकडा खायचा कसा, यावर कोणी फारसं बोलत नाही, म्हणून मी जरा रेंगाळते. कोकोचं लोणी साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे आपल्या तोंडातल्या उष्णतेपेक्षा जरा कमीच. चॉकलेटची सगळी गंमत या दोन-तीन अंशांत आहे. चांगलं चॉकलेट मोडताना कट् असा कोरडा आवाज येतो. तुकडा जिभेवर ठेवा, चावू नका, टाळूला लावून धरा. आधी कडवटपणा येतो, मग कडा मऊ होतात, मग एखाद्या आंबट फळाची आठवण व्हावी असा स्वाद येतो आणि गोडी सगळ्यात मागून. असा एक तुकडा दोन-तीन मिनिटं पुरतो. चावून खाल्लात तर चार सेकंदांत खलास, आणि हात आपोआप दुसऱ्याकडे.

"पण कडू आवडतच नाही हो!" हेही रोज ऐकते. एकदम ८५ वर उडी मारू नका. मिल्क चॉकलेटवरून आधी ५०-५५ टक्के, काही आठवड्यांनी ७०. एकूण आहारातली साखर कमी केली की जीभ बदलते. पूर्वी जे बेताचं गोड वाटायचं तेच फार गोड लागायला लागतं. आणि नाहीच आवडलं कडू, तर मिल्क चॉकलेटचा आणखी छोटा तुकडा खा. न आवडणारं चॉकलेट पथ्य म्हणून चघळण्यात काही अर्थ नाही.

वेळ जेवणानंतरची बरी. भाजी, डाळ, प्रथिनं पोटात गेलेली असली की मागून आलेली साखर हळू शोषली जाते. चार वाजता रिकाम्या पोटी खाल्लेला तोच तुकडा जास्त चढतो. आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरात ग्लुकोमीटर आहे त्यावर ठेवा. एक दिवस नेहमीचं जेवण जेवून दोन तासांनी साखर पाहा. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, वर चॉकलेटचा तुकडा, आणि पुन्हा दोन तासांनी पाहा. जेवणानंतरचा आकडा १८० च्या आत राहावा असं बहुतेक प्रौढांना सांगितलं जातं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी मर्यादा दिली असेल तर ती धरा. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांनी या तुकड्यातली कर्बोदकं हिशेबात धरायची, हे ओघाने आलंच.

आता 'शुगर फ्री'कडे वळू. त्यातली गोडी बहुधा माल्टिटॉल नावाच्या पदार्थाची असते. तो साखरेच्या जवळजवळ ९० टक्के गोड, उष्मांक साखरेच्या निम्म्याहून थोडे जास्त. लोकांना वाटतं तो शून्य आहे. नाही. तो रक्तातली साखर वाढवतो, साखरेपेक्षा कमी, पण वाढवतो. मग 'आपल्याला चालतं' म्हणून अख्खी वडी खाल्ली जाते आणि दोन तासांनी मीटर भलतंच सांगतं. त्याआधी पोट सांगतं, कारण माल्टिटॉलचा बराचसा भाग न पचता मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात. गुडगुड, वारा, कधी कधी धावपळ. युरोपीय संघात असे पदार्थ १० टक्क्यांहून जास्त असले तर 'अति खाल्ल्यास पोट सैल होऊ शकते' अशी सूचना छापणं बंधनकारक आहे. मधुमेहींसाठी म्हणून खास विकले जाणारे खाद्यपदार्थ हा वेगळा प्रकारच तिथे २०१६ मध्ये कायद्यातून गेला. अशा खास पदार्थांची गरज आहे असं शास्त्रात काही सापडलं नव्हतं.

एरिथ्रिटॉल हा असाच दुसरा गोड पदार्थ या बाबतीत बरा. साखर जवळजवळ वाढवत नाही, पोटालाही सोसतो. तोंडात विरघळताना गार लागतो, पेपरमिंटसारखा, तेवढ्यावरून ओळखता येतो. पण २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त होतं, त्यांच्यात हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात जास्त आढळले. कारण तेच, असं यावरून ठरत नाही. आपलं शरीरही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं. तरी हृदयाचं दुखणं असलेल्यांना मी ते रोज खा असं सांगणार नाही.

चिमूटभर पुरणाऱ्या गोडव्यांपैकी सुक्रालोज साखरेपेक्षा सुमारे ६०० पट गोड. त्याची गोष्ट मोठी मजेची आहे. १९७६ साली लंडनच्या प्रयोगशाळेत शशिकांत फडणीस नावाचे तरुण संशोधक साखरेच्या रेणूत क्लोरिन घालून बनवलेल्या पदार्थांवर काम करत होते. वरिष्ठांनी त्यांना एका नमुन्याची चाचणी (इंग्रजीत test) घ्यायला सांगितलं, त्यांना ऐकू आलं चव (taste) घ्यायला, आणि त्यांनी खरंच जिभेवर ठेवून पाहिलं, असं सांगतात. प्रयोगशाळेत असं करू नये, पण त्या दिवशी केलं ते बरं झालं. ॲस्पार्टेम तापवलं की गोडी जाते, सुक्रालोज भट्टीतही बऱ्यापैकी टिकतं. स्टेव्हियाची चव मागून किंचित कडवट येते. काहींना खपते, काहींना अजिबात नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नका असं म्हटलं, ती बातमी तुम्ही ऐकली असेल. ती शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती, हे मात्र बातमीत बऱ्याचदा गळलं.

पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. समोरच्या बाजूला जाहिरात असते, माहिती मागे. माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर सावध व्हा. त्याची साखरेत गणना होत नाही, चवीलाही फारसं गोड नसतं, पण रक्तात ग्लुकोजइतक्याच झपाट्याने चढतं. 'साखर घातलेली नाही' असं लिहून आत मध किंवा फळांच्या रसाचा अर्क भरलेला असतो. मधाचा ८० टक्के भाग साखरच आहे. तो नैसर्गिक आहे की कसा, याची चौकशी तुमचं स्वादुपिंड करत नाही.

घरी करायचं असेल तर बिनसाखरेची कोको पावडर आणा, ड्रिंकिंग चॉकलेट नव्हे. त्यात मुख्यतः साखरच असते. घट्ट दह्यात दोन चमचे कोको, थोडी दालचिनी, वर चार स्ट्रॉबेरी चिरून. किंवा कडू चॉकलेट वितळवून त्यात भाजलेले बदाम बुडवा आणि एकेक सुटा ठेवून गार करा. असे सुटे बदाम खाताना मोजले जातात, वडी मोजली जात नाही.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे चॉकलेट कामाचं नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर कधी एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोकं चालेनासं होतं. मीटर ७० च्या खाली. अशा वेळी घरचे मायेने चॉकलेट पुढे करतात, पण ज्या स्निग्धांशाचं मी मघाशी कौतुक केलं तोच इथे आडवा येतो. साखर रक्तात पोचायला उशीर होतो. तेव्हा १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, किंवा अर्धा कप फळांचा रस, आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजूनही कमी असेल तर पुन्हा तेवढंच द्या. घाईत 'डाएट' पेयाची बाटली हातात येत नाही ना, ते पाहा. सोबत अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या साखरेचं पचन मंदावणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साधी साखरही हळू लागू पडते, शुद्ध ग्लुकोजच लागतं. त्याचा डबा घरात ठरलेल्या जागी असू द्या, आणि ती जागा घरातल्या आणखी एकाला तरी ठाऊक असू द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच वैद्यकीय मदत बोलवा.

नमस्कार.