मोटरीच्या पेटीतला कपॅसिटर

[दृश्य: वरूड तालुक्यातला संत्र्याचा बगीचा, रात्र. विहिरीवरची लोखंडी पेटी.]

लाइन आली. स्टार्टरचं बटन दाबलं, मोटर घुमली आणि संत्र्याचं ओलित सुरू झालं.

बारावीच्या पुस्तकात ए.सी. सर्किटचा धडा आहे. व्होल्टेज आणि करंटच्या दोन लाटा, एक पुढे, एक मागे. आकृती पाठ करून मुलं मार्क मिळवतात. त्यांना एकदा या पेटीपाशी आणलं पाहिजे. अख्खा धडा इथे चालू आहे.

आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. हीटर लावला तर व्होल्टेज आणि करंट सोबतच चढतात, सोबतच उतरतात. मोटरीत मात्र तांब्याची वाइंडिंग असते. करंट बदलू लागला की ती त्याला अडवते, म्हणून करंट मागे पडतो. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या व्होल्ट-अँपिअरपैकी खरोखर कामी येणारा हिस्सा, ०.७५ असेल तर सुमारे २.३ मिलिसेकंद मागे.

एका फेजपुरतं बघू. वाइंडिंग चुंबकीय क्षेत्र उभं करायला ऊर्जा घेते आणि क्षेत्र ओसरलं की ती परत लाइनीत सोडते. या देवघेवीचा करंट पाणी उपसत नाही, पण डीपीपासून, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरपासून, विहिरीपर्यंतची तार तापवतो.

कपॅसिटरचं उलटं. त्याचा करंट व्होल्टेजच्या ५ मिलिसेकंद पुढे. त्यामुळे वाइंडिंगला ऊर्जा हवी असते तेव्हा तो देतो, ती परत करते तेव्हा तो भरून घेतो. बरीचशी देवघेव विहिरीवरच मिटते.

[दृश्य: वायरमनच्या हातात टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायचं मीटर.]

आता नीट बघा. कपॅसिटर स्टार्टरच्या आउटगोइंगला, मोटरीशी समांतर जोडलाय. त्याच्या पुढे, मोटरीकडे जाणाऱ्या वायरीत करंट जवळपास होता तेवढाच. मोटरीला लागतं ते लागतंच. पण स्टार्टरच्या आधी, डीपीकडून येणाऱ्या वायरीत आकडा खाली आला. एकच मोटर, आणि हातभर अंतरावर दोन वेगळे करंट! या धड्यात याहून सुंदर काही नाही.

हिशेब करू. ५ एचपीची थ्री फेज मोटर, ४१५ व्होल्ट, कार्यक्षमता ८० टक्के. पॉवर फॅक्टर ०.७५ असताना लाइनीतून साधारण ८.६ अँपिअर जातात. कपॅसिटरने तो ०.९५ केला की ६.८. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून ती एक तृतीयांशाहून जास्त घटते. तारेत होणारी व्होल्टेजची घटही कमी होते.

तरी कित्येक पेट्यांत कपॅसिटरच्या वायरी सुटून लोंबत असतात. त्या लाइन बंद करून वायरमनकडूनच जोडून घ्या. लाइन गेल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, उघडा हात लावू नका.

डीपी जळाली की ऐन हंगामात ओलित थांबतं. १०० केव्हीएच्या डीपीवर अशा १६ मोटरी चालल्या की तिची क्षमता संपते. प्रत्येक पेटीत कपॅसिटर चालू असेल तर तीच डीपी २० मोटरी पेलते.